‘राजाच्या मुली’ नेमक्या कोण होत्या, आणि लग्नात त्यांचं म्हणणं किती चालायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाचं लग्न कॅनडातल्या क्वेबेकच्या मुलीशी झालं. सूनबाईंच्या माहेरी दिवाणखान्यात चौकटीत वंशावळ लावलेली आहे. तिच्यात अगदी वर एका बाईच्या नावापुढे १६६९ हे साल आणि ‘फिय द्यु र्वा’, म्हणजे राजाची मुलगी, असं लिहिलंय. घरच्यांना त्याचा अभिमान आहे. प्रश्नकर्त्यांनी मात्र इंटरनेटवर शोधलं, तर एका ठिकाणी ‘पॅरिसच्या वेश्या जहाजात भरून पाठवल्या’ असं सापडलं आणि दुसरीकडे ‘खानदानी घरच्या मुली’ असं. तेव्हा खरं काय, त्यांना बळजबरीने नेलं होतं का, आणि ही बाई खरोखर त्यांतली होती का हे कसं तपासायचं, असं त्यांनी विचारलंय. सूनबाईंना न दुखवता, हेही वर आहेच.

मी माँट्रियलमध्ये राहते. लोकांच्या घराण्यांचे जुने कागद शोधून, वाचून देणं हा माझा व्यवसाय. सतराव्या शतकातली चर्चची रजिस्टरं आणि नोटरींचे दस्त रोज डोळ्यांखालून जातात. पुण्यात असताना मोडी शिकले होते. त्याचा इथे फायदा एवढाच झाला, की वाईट अक्षराची भीती तेव्हाच मेली होती.

तुमची खरी अडचण अशी आहे, की इंटरनेटवर जे वाचलंत ते एकाच प्रकारच्या बायांबद्दल नाहीच. फ्रान्सने आपल्या वसाहतींमध्ये लग्नासाठी बायका पाठवल्या त्या निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या ठिकाणी आणि फार वेगवेगळ्या तऱ्हेने. कॅनडात १६६३ ते १६७३, हिंदी महासागरातल्या बुर्बों बेटासाठी १६७३ च्या सुमारास, लुइझियानात १७०४ पासून १७२१ पर्यंत. लिहिणारे हे सगळं एकाच पातेल्यात ढवळतात आणि लुइझियानाची बदनामी क्वेबेकच्या बायांच्या माथी मारतात. तुमच्या चौकटीवर १६६९ आहे, म्हणजे आपण कॅनडाबद्दल बोलतोय. आधी तेवढंच बघू.

१६६३ मध्ये चौदाव्या लुईने न्यू फ्रान्स, म्हणजे कॅनडातली फ्रेंच वसाहत, व्यापारी कंपनीच्या हातून काढून स्वतःच्या ताब्यात घेतली. तेव्हा तिथे फ्रेंच माणसं होती जेमतेम तीन हजार. दक्षिणेला इंग्रजांच्या वसाहतीत वस्ती कितीतरी दाट. राजाने पाठवलेला पहिला इंटेंडंट, म्हणजे मुलकी कारभारी, झाँ तालों याने १६६६ मध्ये खानेसुमारी करवली. सैनिक आणि तिथले मूळ रहिवासी सोडून ३,२१५ माणसं भरली. त्यांत पुरुष २,०३४ आणि बायका १,१८१, लहान मुली आणि लग्न झालेल्या धरून. म्हणजे लग्नाला मोकळी बाई जवळजवळ नव्हतीच. त्यात १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर रेजिमेंटचे बाराशेच्या आसपास सैनिक इरोक्वाँ या मूळ रहिवाशांशी लढायला आलेले. ते इथेच राहावेत, जमीन कसावी, अशी सरकारची इच्छा. (ती जमीन कुणाची होती, हा प्रश्न या सगळ्या कागदांत कुणी विचारलेला दिसत नाही. सैन्याने मोहॉकांची, म्हणजे इरोक्वाँपैकीच एका जमातीची, गावं जाळली ती १६६६ मध्ये, आणि त्यानंतरच्या तहामुळे आलेल्या शांततेतच यांतली बरीचशी लग्नं लागली.)

आता एवढी माणसं फ्रान्समधून उचलून आणायला मंत्री कोल्बेर तयार नव्हता. कॅनडा भरण्यासाठी फ्रान्स ओस पाडणं शहाणपणाचं नाही, असं त्याने तालोंला स्पष्ट कळवलं होतं. मग स्वस्तातला उपाय निघाला: थोड्या बायका पाठवा, बाकीची प्रजा तिथेच जन्मेल. दहा-अकरा वर्षांत साधारण पावणेआठशे बायका अशा आल्या. एका मुलीमागे शंभर लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) खर्च धरलेला होता. भरतीचे १०, कपड्यांचे ३० आणि जहाजाचे ६०. नवऱ्याकडे जाताना राजाकडून आंदण म्हणून ५० लिव्र मिळायचे, उच्चकुळातली असेल तर १००. म्हणजे साध्या घरच्या मुलीच्या आंदणापेक्षा तिच्या जहाजाचं भाडंच जास्त. आणि हे ५० लिव्र सगळ्यांना मिळालेच असंही नाही. माझ्यासमोर येणाऱ्या कितीतरी करारांत राजाच्या देणगीचा उल्लेखच नसतो.

सोबत एक छोटी पेटी असायची. तिच्यात काय काय असे याची यादी आपल्याकडे आहे आणि मला ती कुठल्याही राजाज्ञेपेक्षा बोलकी वाटते. डोक्याची टोपी, तलम रुमाल, बुटांच्या फिती, कंगवा, पांढरा दोरा, पायमोज्यांचा आणि हातमोज्यांचा एकेक जोड, कात्री, दोन सुऱ्या, शंभर सुया, एक हजार टाचण्या आणि दोन लिव्र रोख. पुढे कधी उणे तीसपर्यंत उतरणाऱ्या थंडीत महिनोन्‌महिने काढायचेत आणि हातमोज्यांचा जोड एक! मात्र सुया शंभर. पाठवणाऱ्यांना माहीत होतं, की कपडा विकत मिळणार नाही, जुना शिवून शिवूनच घालावा लागणार.

या होत्या कोण? तिसरा हिस्सा पॅरिस आणि आसपासच्या प्रदेशातला, पुष्कळशा नॉर्मंडीच्या, बाकी ला रोशेल बंदराच्या मागच्या पश्चिम भागातल्या. वय सरासरी चोवीसच्या आसपास, म्हणजे कोवळ्या पोरी नव्हेत. निम्म्याहून जास्त जणींचा बाप वारलेला होता. सगळी गोम इथे आहे. बाप नाही म्हणजे हुंडा नाही, हुंडा नाही म्हणजे फ्रान्समध्ये लग्न नाही. मग उरतं काय, तर दुसऱ्याच्या घरची चाकरी, मठ किंवा अनाथाश्रम. खानदानी म्हणाव्यात अशा थोड्याच. त्यांतली कात्रीन द बाय्यों प्रसिद्ध आहे, कारण १६६९ मध्येच झाक मिव्हिल याच्याशी लग्न झालेल्या या बाईचं घराणं मागे थेट शार्लमेन सम्राटापर्यंत नेता येतं. तुमच्याकडच्या वंशावळीत तिचं नाव असेल तर ‘खानदानी’वाले बरोबर. नसेल, तर बहुधा एखाद्या गवंड्याची, शेतमजुराची किंवा शिपायाची पोर.

बदनामीचं मूळ पॅरिसच्या साल्पेत्रिएरमध्ये आहे. पॅरिसकडच्या मुलींपैकी बऱ्याच जणी तिथून आल्या. आज हे नाव घेतलं की लोकांना वेश्यांचा तुरुंग आठवतो. पण साल्पेत्रिएर १६५६ मध्ये सुरू झालं ते गोरगरीब बायका, म्हाताऱ्या आणि अनाथ मुली यांना कोंडून ठेवायची आणि पोसायची जागा म्हणून. ‘कोंडून’ हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, तो काही प्रेमळ आश्रम नव्हता. मात्र बदफैली ठरवलेल्या बायकांना तिथे डांबायचा राजाचा हुकूम निघाला १६८४ मध्ये. आपल्या बायांचं शेवटचं जहाज त्याच्या अकरा वर्षं आधी लागलं होतं. तारखा शेजारी मांडल्या की निम्मा आरोप तिथेच गळून पडतो.

उरलेला आरोप लाहोंतां नावाच्या बॅरनच्या पुस्तकातून आला. त्याने १७०३ मध्ये रंगवून लिहिलं, की बेताच्या चारित्र्याच्या बायका जहाजातून आल्या, त्यांना दालनांत उभं केलं आणि खाटिकाने मेंढी निवडावी तशा नवऱ्यांनी त्या निवडल्या. लिहिणारा वाचनीय होता, म्हणून ते तीनशे वर्षं टिकलं. पण हा गृहस्थ कॅनडात उतरला १६८३ मध्ये, म्हणजे शेवटच्या मुलीनंतर दहा वर्षांनी. पाहिलेलं काहीच नाही, छावणीत ऐकलेलं सगळं. उलट जो माणूस खरोखर तिथे राहत होता, त्या त्रुआ-रिव्हिएरच्या पिएर बूशेने १६६४ मध्येच लिहून ठेवलंय, की असल्या बायका इकडे येतात ही अफवा खोटी आहे. म्हणजे अफवा तेव्हाही होतीच, पहिली जहाजं लागून वर्षही झालं नव्हतं. एकट्या बायका बोटीने परमुलखात निघाल्या, की लोकांना निराळा पुरावा लागत नाही.

मग सगळ्या सज्जनच होत्या का? तसंही नाही. कात्रीन गिशलें नावाची एक होती. लग्नाचे दोन करार मोडले, नवरा पोरं टाकून फ्रान्सला निघून गेला, आणि १६७५ मध्ये बदफैलीच्या आरोपावरून तिला क्वेबेकच्या सार्वभौम परिषदेपुढे उभं केलं. तिला शहरातून हद्दपार केलं, मुलं दुसऱ्यांकडे गेली. पळून गेलेल्या नवऱ्याचं नाव आज कुणाला आठवत नाही, तिचं मात्र ‘बघा, म्हटलं नव्हतं’ म्हणून प्रत्येक लेखात येतं. आणि गंमत म्हणजे पावणेआठशे जणींमधून अशा आरोपाखाली उभं राहिलेलं उदाहरण म्हणून फिरून फिरून हे एकच दिलं जातं.

जहाजात भरून, साखळ्या घालून पाठवलं हे खरं आहे, पण ते लुइझियानाचं. १७१९ च्या सुमारास ती वसाहत चालवणाऱ्या जॉन लॉच्या कंपनीला तिथे माणसं हवी होती, तेव्हा पॅरिसमध्ये कैद्यांची आणि कोंडलेल्या बायकांची घाऊक लग्नं लावून जोडपी बंदरावर नेली. लोक इतके खवळले की १७२० मध्ये ते थांबवावं लागलं. त्याच्याही आधी, १७०४ मध्ये, ‘पेलिकान’ जहाजातून मोबीलला काही मुली गेल्या होत्या त्या चांगल्या घरच्या आणि पारखून घेतलेल्या. म्हणजे एका लुइझियानातसुद्धा दोन टोकं आहेत. म्हणूनच मी कुणालाही आधी साल आणि बंदर विचारते, बाकीचं मग.

आता तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न: बळजबरी होती का? याचं उत्तर मुलगी कुठून निघाली यावर बरंच अवलंबून आहे. नॉर्मंडीच्या एखाद्या गावातून बहिणीबरोबर किंवा ओळखीच्या बाईच्या भरवशावर दिएपला येऊन जहाजात बसलेली पंचविशीची मुलगी आणि साल्पेत्रिएरच्या भिंतींआड वाढलेली, जिचं नाव तिथल्या व्यवस्थापकांनीच यादीत घातलं ती, यांच्या ‘हो’ला मी एका मापाने मोजणार नाही. दुसरीला ‘नाही’ म्हणायला जागा किती होती कोण जाणे. पण क्वेबेकच्या धक्क्यावर पाय ठेवल्यानंतर काय झालं याचे मात्र कागद आहेत, आणि ते वाचून माझं मत असं झालंय: लग्न करायचं की नाही हे त्यांच्या हातात फारसं नव्हतं, पण कुणाशी करायचं हे बऱ्यापैकी होतं.

जहाजं लागायची उन्हाळ्याच्या अखेरीपासून, दोन-तीन महिन्यांचा प्रवास करून. मुलींना नवऱ्यांच्या घोळक्यात सोडून देत नसत. क्वेबेकमध्ये मादाम बुर्दों नावाची एक वजनदार विधवा आणि उर्सुलाइन नन त्यांच्याकडे बघायच्या. माँट्रियलला मार्गरित बुर्ज्वा त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घ्यायची, भाकरी भाजण्यापासून संसाराचं शिकवायची. (तिचं शेतघर मेझों सां-गाब्रिएल आज संग्रहालय आहे. सूनबाईंबरोबर माँट्रियलला आलात तर तिथे जरूर जा.) भेटी व्हायच्या त्या या बायकांच्या डोळ्यांदेखत. उर्सुलाइनांचा क्वेबेकमधला मठ काढणारी मारी द लँकार्नास्यों हिने १६६९ च्या पत्रात लिहिलंय, की या मुली पहिलं काय विचारत असतील तर माणसाला घर आहे का. कारण आधी आलेल्या ज्यांनी हे विचारलं नाही त्यांचे फार हाल झाले. पाहा, सहा वर्षांत ही अक्कल एकीकडून दुसरीकडे पोचली होती! मुलगी पाहायला आलेल्यांना आपल्याकडे मुलीचा मामा ‘जमीन किती, घर स्वतःचं का’ असं विचारतो. इथे मामा नव्हता, तर मुलीने स्वतः विचारलं.

जमलं की नोटरीकडे करार. माझ्यापुढे नेहमी येतो तो दस्त साधारण असा असतो. आधी नवरदेवाचं नाव, त्याच्या आईबापांची नावं, फ्रान्समधलं गाव, तिथलं चर्च, बिशपचा मुलूख. मग नवरीचं तसंच सगळं, आणि बापाच्या नावाला बहुतेक वेळा ‘कैलासवासी’ या अर्थाचा एक शब्द चिकटलेला. मग तिने आणलेल्या सामानाची किंमत, कधी दोनशे लिव्र, कधी तीनशे. मिळाली असेल तर राजाची देणगी. मग नवरा मेला तर तिला ठरावीक रक्कम किती मिळेल तो आकडा. शेवटी साक्षीदार, आणि दोघांनाही लिहिता-सही करता येत नाही असं नोटरीचं वाक्य. सही करता येणाऱ्या बायका थोड्याच.

त्या आकड्याकडे नीट बघा, तो महत्त्वाचा आहे. शिवाय वसाहतीत पॅरिसचा कायदा लागू होता. त्यानुसार लग्नानंतर नवरा-बायकोने मिळून कमावलेल्यात निम्मी वाटणी बायकोची. नवरा कर्ज करून मेला तर विधवेला ती सामायिक मालमत्ता नाकारून स्वतः आणलेलं परत घेता यायचं. जिच्या मागे ना बाप ना भाऊ, तिच्या बाजूने हा एक कागद उभा असायचा. त्याच शतकात युरोपात किंवा आपल्याकडे किती गरीब मुलींना एवढं लेखी मिळत होतं?

आणि करार मोडता यायचा. चर्चमध्ये लग्न लागेपर्यंत दोघांपैकी कुणीही मागे फिरू शकत होतं, आणि फिरत होतं. कधी त्याच कागदाच्या तळाशी दोन ओळी असतात, की उभयतांनी राजीखुशीने हा करार रद्द केला. पंधरा दिवसांनी दुसऱ्या नोटरीकडे तीच मुलगी, नवरा निराळा. माझ्याकडे येणारी मंडळी अशी नोंद सापडली की ओशाळतात. मला उलट त्या दोन ओळी फार आवडतात. घर आहे असं सांगणाऱ्याची झोपडी बघून आलेली मुलगी दुसरं काय करणार?

पण लग्नच नको म्हणणं अवघड होतं. ती आलीच होती त्यासाठी, राजाच्या पैशाने, आणि कडाक्याचा हिवाळा तोंडावर. थोड्या जणी फ्रान्सला परतल्याही, पण बहुतेकींचं लग्न काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झालं. नवरा मेला की पुन्हा लग्न, तेही झटपट. दबाव पुरुषांवरही होता, हे विसरू नका. जहाजं लागल्यापासून पंधरा दिवसांत लग्न केलं नाही तर शिकार, मासेमारी, रानातला केसाळ कातड्यांचा व्यापार बंद, असा हुकूम तालोंने ब्रह्मचाऱ्यांवर काढला होता. दुसऱ्या हाताने लालूच. १६६९ च्या राजाज्ञेने वीस वर्षांच्या आत लग्न करणाऱ्या मुलाला आणि सोळाच्या आत करणाऱ्या मुलीला वीस-वीस लिव्र, दहा जिवंत मुलं असलेल्या बापाला सालाना ३००, बारा असतील तर ४००. आणि तळटीप अशी, की त्यांतलं कुणी पाद्री किंवा नन झालं असेल तर ते मोजायचं नाही! या सगळ्या हिशेबात बाई कुठे आहे ते तुम्हीच बघा. पैसे बापाला, बाळंतपणं तिची.

सरकारी दृष्टीने योजना फळली. दहा वर्षांत वस्ती दुपटीच्या वर गेली. १६७२ मध्ये हॉलंडशी युद्ध पेटलं, तालों परत गेला, तिजोरीचा पैसा तिकडे वळला आणि पुढच्या वर्षी हे बंद पडलं.

जरा वाट वाकडी करून एक गोष्ट सांगते, कारण प्रश्न मराठीत विचारलाय. हीच कल्पना फ्रान्सने बुर्बों बेटावर, म्हणजे आजच्या रीयुनियनवर, वापरून पाहिली आणि तिचा शेवट आपल्या किनाऱ्याशी आला. १६७३ मध्ये साल्पेत्रिएरमधल्याच काही मुली ‘डंकर्क्वाझ’ नावाच्या जहाजातून बुर्बोंसाठी निघाल्या. जहाज मादागास्करच्या फोर-दोफांला अडकलं, आणि तिथल्याच फ्रेंच वसाहतवाल्यांनी त्यांच्याशी लग्नं केली. या पुरुषांच्या घरात आधीपासून स्थानिक बायका होत्या. आधीच धुमसत असलेल्या भांडणात हे आणखी तेल पडलं. १६७४ च्या ऑगस्टमध्ये तिथे कत्तल झाली आणि उरलेले फ्रेंच समुद्रमार्गे पळाले. त्यांतली फ्राँस्वाझ शातलें ही सुरतेच्या वखारीमार्गे १६७६ मध्ये बुर्बोंला पोचली. तीच सुरत, जिच्यावर शिवाजी महाराजांची दुसरी स्वारी झाली त्याला तेव्हा सहाच वर्षं झाली होती. बाईने पुढे एकामागून एक नवरे गमावले आणि चार लग्नं केली. आज रीयुनियनच्या असंख्य घराण्यांची ती मूळ आजी आहे. आणि पॅरिसहून बायका येईनात म्हटल्यावर बुर्बोंच्या फ्रेंचांनी १६७८ च्या सुमारास बायका केल्या त्या पोर्तुगीज अंमलातल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती मुली. रोझारियो, पेरेरा अशी गोव्यात आणि वसईत आजही ऐकू येणारी आडनावं त्या बेटाच्या पहिल्या पिढीच्या नोंदींत आहेत. क्वेबेकच्या मुलींचं नाव-गाव, बापाचं नाव, आणलेलं सामान सगळं कागदावर आहे. या आपल्याकडच्या पोरींना जहाजात बसताना कुणी काही विचारलं का, याबद्दल कागद जवळजवळ गप्प आहेत.

परत क्वेबेकला येऊ. थोडक्यात, या बाया वेश्या नव्हत्या, बहुतेक जणी खानदानीही नव्हत्या, बापाविना उरलेल्या गरीब मुली होत्या. आता तुमच्या चौकटीतली बाई त्यांतली होती का, हे कसं ठरवायचं.

चौकटीवर विसंबू नका. अशा कितीतरी वंशावळी एकोणिसाव्या शतकातल्या कोशांवरून आणि एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, आणि हौसेने कुठल्याही जुन्या आजीला ‘राजाची मुलगी’ करून टाकतात. कसोटी साधी आहे: अविवाहित किंवा विधवा म्हणून १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्समधून आली पाहिजे. १६६३ च्या आधी आलेल्या वेगळ्या, त्या खाजगी किंवा मठांच्या खर्चाने आल्या. ज्या इथेच जन्मल्या त्या तर नाहीतच. १६६९ हे साल कशाचं आहे तेही बघा. लग्नाचं असेल तर ठीक, जन्माचं असेल तर विषय संपला.

शोधताना खालून वर जा. सूनबाईंच्या आजी-आजोबांच्या लग्नाचं साल आणि गाव मिळवा, त्या नोंदीत दोघांच्या आईबापांची नावं असतात, मग त्यांचं लग्न, असं एकेक पायरी. क्वेबेकची कॅथलिक रजिस्टरं याबाबतीत सोन्यासारखी आहेत. सतराव्या शतकापासून १८४९ पर्यंतचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं माँट्रियल विद्यापीठाच्या लोकसंख्या-इतिहास प्रकल्पाने जोडून ठेवलीत, आणि नोटरींचे दस्त प्रांताच्या अभिलेखागारात आहेत, त्यांतले पुष्कळ घरबसल्या बघता येतात.

दोन गोष्टींवर आपली माणसं अडखळतात. एक, बाईचं आडनाव लग्नानंतर बदलत नाही. जुन्या कागदांत ती जन्मभर बापाच्या नावानेच येते (१९८१ पासून क्वेबेकात कायद्यानेही तसंच आहे, सूनबाईंचं आडनाव तेच का राहिलं हा प्रश्न घरात निघाला असेल तर हे त्याचं उत्तर). त्यामुळे नवऱ्याच्या आडनावाने शोधलंत तर ती सापडणारच नाही. दोन, सैनिकांना टोपणनावं असायची: लाफ्लर, जोलिकर, सां-सूसी. मुलांपैकी अर्धी बापाचं मूळ आडनाव लावतात, अर्धी टोपणनाव. एकच घराणं दोन नावांनी पुढे जातं, आणि मधेच वंश तुटल्यासारखा वाटतो.

कुणी जनुक-चाचणी सुचवील. ती उपयोगी पडते फक्त आईच्या आईच्या आईच्या ओळीत ही बाई असेल तर. त्या ओळीत काय काय पोचतं याचं एक उदाहरण इथल्या डॉक्टरांना ठाऊक आहे. लेबर यांच्या नावाने ओळखला जाणारा, तरुण वयात दृष्टी घालवणारा एक विकार आईकडून मुलांकडे जातो. क्वेबेकमधल्या त्याच्या एका प्रकाराचे बरेच रुग्ण संशोधकांनी मागे मागे नेले, तर ते १६६९ मध्ये क्वेबेकला लग्न झालेल्या एकाच ‘राजाच्या मुली’पाशी जाऊन थांबले. साल तेच दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, त्या वर्षी शंभराहून जास्त मुली आल्या होत्या.

सूनबाईंशी बोलायचं कसं, हेही तुम्ही विचारलंय. माझ्या अनुभवात इथल्या माणसांना ती वेश्यांची अफवा आपल्या आधीच माहीत असते आणि ऐकून ऐकून कंटाळाही आलेला असतो. तेव्हा ‘हे खरं का गं?’ असं विचारण्यापेक्षा ‘तिचा करार शोधूया का?’ असं विचारा. चौकटीवर तिचं आणि नवऱ्याचं नाव जसं लिहिलंय तसं, टोपणनावासकट, आणि लग्नाचं गाव इथे टाका. करार शिल्लक असेल तर नोटरी कोण, दस्त कुठे आणि घराबद्दल काय लिहिलंय ते मी बघून सांगेन.